फरक आढळला नाही, म्हणजे नेमकं काय आढळलं?

मार्चमधल्या एका रविवारी आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये महिला दिन साजरा झाला. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत होतो तसाच: आधी सत्कार, मग पाककृती स्पर्धा, मग परिसंवाद आणि शेवटी वडापाव. परिसंवादाचा विषय होता समान काम, समान वेतन. ऐरोलीतल्या एका कंपनीत एचआर सांभाळणारे आमचे एक शेजारी पूर्ण तयारीनिशी आले होते. त्यांनी भिंतीवर स्लाइड टाकली. एका विभागातले पुरुष किती, बायका किती, दोघांचे सरासरी पगार, खाली टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी चाचणी), तिचा निकाल म्हणून पी-व्हॅल्यू ०.१८ आणि तळाला हिरव्या ठळक अक्षरांत निष्कर्ष: ‘वेतनात स्त्री-पुरुष फरक नाही, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध.’ त्यावर मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “आकडे कसेही फिरवता येतात हो. बाईला विचारा ना तिला काय वाटतं ते!” टाळ्या पडल्या. पुढचा आठवडाभर सोसायटीच्या ग्रुपवर हेच चाललं. एका गटाला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, दुसऱ्याला आकडा म्हणजे लबाडी.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात बावीस वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवते. त्यामुळे ‘मॅडम, तुम्हीच सांगा’ असे निरोप आले. ग्रुपवर दोन ओळींत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हा लेख. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पगाराचा हा वाद आकड्यांनीच तपासायला हवा. पण त्या स्लाइडवरच्या टेस्टने फरक नसल्याचं काहीएक सिद्ध केलेलं नाही. शिवाय ही टेस्ट आपल्याकडे ज्या रीतीने वापरतात, त्या रीतीत एक चमत्कारिक बक्षीस दडलेलं आहे. कंपनीत बायका जितक्या कमी, तितकी कंपनी निर्दोष सुटण्याची खात्री जास्त. हा उलटा कारभार सुलटा करायचा तर सिद्ध करायचं ओझं बाईच्या खांद्यावरून उचलून कंपनीच्या खांद्यावर द्यावं लागेल, आणि ते कसं द्यायचं हेही स्टॅटिस्टिक्सलाच ठाऊक आहे.

शेजाऱ्यांचा पहिला मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. नुसत्या सरासरींच्या वजाबाकीवरून अन्याय ठरत नाही. बारा जणींच्या गटात दोघी नुकत्याच कॉलेजातून आलेल्या असतील, पुरुषांत एखादा बंगलोरहून दामदुप्पट पगारावर आणलेला असेल, तर सरासरी हलणारच. योगायोग नावाची गोष्ट असते आणि तिला वगळून बोलणारा माणूस वादात कितीही टाळ्या मिळवो, तो चुकणार. मागच्या रांगेतल्या बाईंचा उपायही मला पटत नाही. बाईला विचारा म्हणतात, पण बाईला कळणार कसं? अमेरिकेत लिली लेडबेटर नावाची बाई टायरच्या कारखान्यात जवळजवळ वीस वर्षं सुपरवायझर होती. आपल्याच कामाचे पुरुष आपल्यापेक्षा बरंच जास्त घेतात, हे तिला कळलं ते कुणीतरी निनावी चिठ्ठी टाकली म्हणून. कोर्टात गेली तर २००७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, उशीर झाला. पुढे २००९ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला ती गोष्ट वेगळी. ज्या ऑफिसात पगाराची स्लिप नवऱ्यालासुद्धा दाखवायची नाही अशी शिस्त असते, तिथे ‘वाटणं’ कशाच्या आधारावर उभं राहणार?

म्हणून टेस्ट हवीच. आता ती नेमकं काय करते ते पाहू. वर्गात मी चहापासून सुरुवात करते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर काम करत असे. म्युरिएल ब्रिस्टल ही त्याची सहकारी म्हणाली, कपात आधी दूध ओतलंय की आधी चहा, हे मला चवीवरून सांगता येतं. त्यातून सुचलेला प्रयोग फिशरने १९३५च्या पुस्तकात मांडला. आठ कप, चार एका तऱ्हेचे, चार दुसऱ्या. आठांतून चार निवडायच्या ७० तऱ्हा होतात. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७०त १, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. तसं घडलं तर ‘अंदाजाने जमलं’ हे म्हणणं सोडून द्यायचं.

आता कपांच्या जागी पगार ठेवा. वर्गात मी स्टीलचा पोळीचा डबा घेऊन जाते आणि आठ चिठ्ठ्यांवर आठ पगार लिहिते. टीममध्ये चार बायका, चार पुरुष. खरा प्रकार असा की तळाचे चारही पगार बायकांचे आहेत. मुलं डबा हलवतात, डोळे मिटून चार चिठ्ठ्या काढतात, फळ्यावर लिहितात, पुन्हा हलवतात. तळाच्या चारच्या चार एकाच वेळी हाती येणं किती दुर्मीळ आहे, हे सूत्राआधी हाताला कळतं. ७०त १. संशय घ्यायला भरपूर जागा. मग मी एक चिठ्ठी बदलते. चारांतली एक बाई वरच्या गटात नेते, तिच्या जागी एक पुरुष खाली आणते. आता तळाच्या चारांत तीन बायका. योगायोगाने तीन किंवा त्याहून जास्त बायका तळाशी येण्याची शक्यता होते ७०त १७, म्हणजे सुमारे २४ टक्के. टेस्ट ५ टक्क्यांच्या खालीच बोलते, म्हणून इथे गप्प. मागे एकदा शेवटच्या बाकावरची एक मुलगी मोठ्याने म्हणाली, “मॅडम, म्हणजे एकीला टीम लीड केलं की झालं?” वर्ग हसला. मी नाही हसले, कारण तिचं गणित बरोबर होतं.

आता आमच्या शेजाऱ्यांची स्लाइड. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदलून, गोल करून देते. ४० पुरुष, १२ बायका. पुरुषांचा सरासरी महिना पगार ७८,०००, बायकांचा ७०,०००. दोन्ही गटांत पगारांचा पसारा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, १८,०००. फरक ८,००० रुपयांचा. हे आकडे टी-टेस्टमध्ये घातले की पी-व्हॅल्यू ०.१८ येते. याचा अर्थ एवढाच: मुळात काही फरक नसता, तरी इतका किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने शंभरातल्या अठरा वेळा दिसला असता. बरं. पण त्याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते, जी स्लाइडवर नव्हती. खरा फरक कुठून कुठवर असू शकतो, याचा ९५ टक्के विश्वासाचा पट्टा येतो तो बायकांना ३,९०० जास्त इथपासून ते बायकांना १९,९०० कमी इथपर्यंत. या पट्ट्यात शून्य बसतं, हे खरं. त्याच पट्ट्यात महिन्याला साडेएकोणीस हजारांचा अन्यायही आरामात बसतो. त्यातलं शून्य तेवढं उचलून हिरव्या अक्षरांत लिहायचं, ही निवड कुणाची?

हीच माणसं दहापट करा. ४०० पुरुष, १२० बायका. सरासरी तीच, पसारा तोच, फरक तोच ८,०००चा. आता पी-व्हॅल्यू लाखात दोन-तीन इतकी खाली जाते आणि कंपनी दोषी. उलट टोकाला जा. ३०,००० पुरुष आणि २०,००० बायकांची एखादी अवाढव्य कंपनी घ्या. तिथे अवघ्या ५०० रुपयांचा फरकही ०.००२ दाखवेल. म्हणजे पाचशे रुपयांसाठी मोठी कंपनी पकडली जाणार आणि आठ हजार दाबणारी लहान कंपनी टाळ्या घेणार. टेस्ट इथे अन्याय मोजतच नाहीये. ती मोजते आहे पुरावा जमवायला माणसं पुरेशी होती की नाही. ज्या विभागात बाराच बायका आहेत, तिथे आठ हजारांचा फरक खरोखरच असला तरी ही टेस्ट तो शंभरांतून सुमारे २७ वेळाच पकडते. उरलेल्या ७३ वेळा स्लाइड हिरवी.

यावर शेजाऱ्यांनी ग्रुपवर लिहिलं होतं की टी-टेस्ट तर छोट्या सॅम्पलसाठीच शोधलेली आहे. अगदी बरोबर. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतल्या विल्यम गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ती मांडली, कारण त्याच्याकडे मोजायला नमुने थोडे असत. पण त्या टेस्टने सोडवला तो एकच प्रश्न: नमुना लहान असताना खोटा आरडाओरडा किती वेळा होईल यावर लगाम. लहान नमुन्याला नसलेली नजर ती देत नाही. चष्म्याने धूसर दिसणं कमी होईल, अंधारात उजेड पडणार नाही.

दुसरा आक्षेप एका आकडेबाज गृहस्थांनी घेतला आणि तो जास्त वजनदार आहे. ते म्हणाले, हे बावन्न जण सॅम्पल नाहीतच, तो अख्खा विभाग आहे. सगळ्यांचे पगार हाती असताना टेस्ट कशाला? फरक ८,००० आहे म्हणजे आहे. त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. बायकांच्या खात्यात सरासरी ८,००० कमी जमा झाले, ही वस्तुस्थिती आहे, तिला पी-व्हॅल्यूची परवानगी लागत नाही. पण आपल्याला आणखीही काही विचारायचं असतं: पगार ठरवताना बाई-पुरुष हे डोक्यातच नसतं, तर असं चित्र सहज पडलं असतं का? पोळीच्या डब्यातल्या चिठ्ठ्या याच प्रश्नाचं उत्तर देतात. तो प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर ‘सहज पडू शकलं असतं’ असं आलं, तर त्याला ‘असंच पडलं’ म्हणायचं नसतं. फिशरने स्वतः लिहून ठेवलंय की नल हायपोथिसिस, म्हणजे ‘फरक नाही’ हे गृहीतक, कधी सिद्ध होत नाही, प्रयोगात ती खोटी ठरू शकते इतकंच. आणि आम्ही? आमची मुलं पेपरात ‘एच-नॉट अॅक्सेप्टेड’ (नल हायपोथिसिस मान्य) असं लिहितात आणि आम्ही पूर्ण मार्क देतो. मीही दिलेत. त्यातलाच कुणीतरी पुढे एचआरमध्ये जातो.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व आपण कोर्टात मानतो, मग कंपनीला का लावू नये? फरक नाही असं गृहीत धरून सुरुवात करणं हा साधा न्याय नाही का? नाही, कारण ते तत्त्व फौजदारी कोर्टाचं आहे. तिथे चूक झाली तर माणूस तुरुंगात जातो, म्हणून शंभर अपराधी सुटले तरी चालतील म्हणतात. इथे कुणालाही बेड्या पडणार नाहीत. चुकून फरक आहे असं ठरलं तर कंपनी काही बायकांना थोडे पैसे जास्त देईल. चुकून फरक नाही असं ठरलं तर एकेका बाईचे वर्षाला ९६,००० जातील, त्यावरचा पीएफ जाईल, ग्रॅच्युइटी जाईल, पुढच्या नोकरीचा पायाही तेवढाच खाली राहील. दिवाणी कोर्टातसुद्धा पारडं जरा कुठे झुकतंय एवढंच पाहतात. मग इथे कंपनीला चुकीच्या आरोपाचा धोका फक्त ५ टक्के आणि बाईला चुकीच्या नकाराचा धोका ७३ टक्के, हा काटा कुणी लावला? फिशरने १९२५ मध्ये वीसातून एक ही रेघ सोयीची म्हणून घेतली. त्याच्या डोळ्यांपुढे होती ती खतांच्या प्रयोगांची वाफे-वाफे पाडलेली शेतं.

ओझं उलटं ठेवता येतं, आणि ते रोज ठेवलं जातं, तेही आमच्याच परिसरात. ठाणे-बेलापूर रोडवर औषध कंपन्यांची काही कमी नाही. एखादी कंपनी जेनेरिक गोळी काढते तेव्हा तिला दाखवावं लागतं की आपली गोळी मूळ गोळीसारखीच रक्तात उतरते. समजा त्या कंपनीने म्हटलं, आम्ही सहा जणांना गोळी देऊन पाहिली, फरकाची पी-व्हॅल्यू ०.१८ आली, म्हणजे दोन्ही गोळ्या सारख्या. परवाना मिळेल? फाइल त्याच दिवशी परत येईल. औषधांत सुरुवातच ‘गोळ्या वेगळ्या आहेत’ इथून होते आणि सारखेपणा कंपनीला सिद्ध करावा लागतो. दोन गोळ्यांच्या गुणोत्तराचा ९० टक्क्यांचा विश्वास-पट्टा अख्खाच्या अख्खा ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसला, तरच त्या सारख्या. पट्टा रुंद आला तर दोष कंपनीचा. जा, आणखी माणसं घेऊन या. आता हीच फूटपट्टी आमच्या शेजाऱ्यांच्या विभागाला लावू. बायकांचा पगार पुरुषांच्या पगाराच्या किती टक्के, याचा ९० टक्क्यांचा पट्टा ढोबळमानाने ७७ ते १०२ असा येतो. गोळ्यांना दिलेल्या इतक्या सैल मापातसुद्धा तो मावत नाही. पोटात जाणाऱ्या क्रोसिनच्या भावंडाला जेवढी काळजी, तेवढी पोट भरणाऱ्या पगाराला का नको?

इथवर वाचून मागच्या रांगेतल्या बाई खूश झाल्या असतील, तर थोडं त्यांनाही ऐकवते. पी-व्हॅल्यू बारीक आली म्हणजे भेदभाव सिद्ध झाला, असंही नाही. अशा तऱ्हेचा अगदी पहिला म्हणता येईल असा तर्क १७१०चा आहे आणि गंमत म्हणजे तोही मुलगे-मुलींबद्दलच आहे. जॉन आर्बथनॉट या डॉक्टरने लंडनच्या बाप्तिस्म्यांच्या ८२ वर्षांच्या नोंदी पाहिल्या. दरवर्षी मुलगे जास्त. नाण्याने सलग ८२ वेळा छापच द्यावा तसं हे, म्हणजे निव्वळ योगायोग असणं अशक्यप्राय. इथवर तो बिनचूक. पुढे त्याने ठरवलं की ही ईश्वराची योजना आहे आणि म्हणून एकाहून अधिक बायका करणं निसर्गाविरुद्ध आहे. योगायोग नव्हे हे आकड्यांनी सांगितलं होतं. ईश्वर त्याने घरून आणला होता. आपणही ‘योगायोग नाही’ या वाक्यानंतर लगेच ‘म्हणजे मॅनेजर बाईद्वेष्टा’ हे घरून आणतो. शिवाय एखादी कंपनी वीस विभागांत वीस टेस्ट करत असेल, तर कुठेही अन्याय नसतानाही निदान एका विभागात ‘फरक’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. तेवढाच विभाग उचलून मोर्चा काढला तर तो मोर्चा योगायोगाविरुद्ध ठरेल.

मग कारण शोधायचं तर ‘बाकी सगळं सारखं ठेवून’ तुलना करा, असं सुशिक्षित माणसं सांगतात. शिक्षण, अनुभव, हुद्दा, विभाग सारखा धरला की तफावत वितळून जाते, पाहा. आणि दाखला म्हणून बर्कलीचा. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात १९७३ मध्ये अर्ज केलेल्या पुरुषांतले ४४ टक्के आणि बायकांतल्या ३५ टक्के पदव्युत्तर प्रवेशाला पात्र ठरल्या. पण खातेनिहाय पाहिलं तर बायकांवर अन्याय दिसेना. उलट किंचित कल त्यांच्याच बाजूने होता. बायका जास्त करून जिथे जागा कमी आणि झुंबड मोठी, अशा खात्यांना अर्ज करत होत्या. दाखला खरा आहे, मीही शिकवते. पण १९७५ मध्ये ज्या तिघांनी हे विश्लेषण छापलं, त्यांनी तिथे हात झटकले नाहीत. मुलींना समाज आणि शिक्षण आधीपासूनच त्या गर्दीच्या, कमी पैशाच्या शाखांकडे वळवतं, हेही त्यांनी नोंदवलंय. म्हणजे खातं सारखं धरल्याने गळती कुठे आहे ते कळलं. गळती नाही असं कळलं नाही.

पगारात तर हा घोळ आणखी खोल आहे, कारण इथे हुद्दा कोण देतं? तीच कंपनी, जिची तपासणी चालू आहे. सीनिअर मॅनेजर बाई आणि सीनिअर मॅनेजर पुरुष यांचा पगार सारखा असेलही. त्या खुर्चीपर्यंत बाई दोन वर्षं उशिरा पोचली असेल, तर ती दोन वर्षं ‘हुद्दा सारखा धरला’ या तीन शब्दांत पुसली जातात. चोरीचा तपास करताना चोरीला गेलेल्या वस्तू आधी यादीतून वगळा म्हणण्यातला हा प्रकार.

आणखी एक जागा आहे, जी सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी मोजत नाही. महापे असो की वागळे इस्टेट, इंटरव्ह्यूत शेवटचा प्रश्न ठरलेला: “सध्याचा सीटीसी किती?” नवी ऑफर त्या वार्षिक पगारावर अमुक टक्के. समजा दोघं एकाच वर्षी लागली, तो ३,३०,०००वर, ती ३,००,०००वर. पुढे दहा वर्षं दोघांना तंतोतंत १० टक्के वाढ. वाढीच्या टक्क्यांवर टेस्ट लावा, कंपनी शंभर नंबरी सोनं. पण दहा वर्षांनी तो ८,५६,०००वर असतो, ती ७,७८,०००वर. तीस हजारांचा फरक अठ्ठ्याहत्तर हजारांचा झाला आणि वाटेत एकाही माणसाने भेदभाव केला नाही! पहिल्या दिवशीचा अन्याय चक्रवाढीने वाढला, एवढंच. आपल्या आज्यांना सावकाराचं व्याज जितकं चांगलं समजायचं, तितकं आपल्याला हे समजत नाही, याचं मला नवल वाटतं.

राहिला मुद्दा कामाच्या तासांचा. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सारख्या शिक्षणाच्या, सारख्या पेशातल्या स्त्री-पुरुषांतली आजची बरीचशी तफावत पहिल्या मुलानंतर उघडते, आणि जी कामं वेळी-अवेळी हाक मारतात ती तासाला जास्त मोल देतात, असं त्यांचं काम दाखवतं. आमचे शेजारी हे वाचून म्हणतील, बघा, हा कंपनीचा दोष नव्हे. मी त्यांना संध्याकाळी साडेसहाला ऐरोली स्टेशनवर उभं करीन. ठाण्याच्या लोकलच्या लेडीज डब्यात जागा मिळो न मिळो, चढायचंच, कारण पाळणाघर साडेसातला बंद होतं आणि मधे घोडबंदरचं ट्रॅफिक आहे. त्याच वेळी तिच्या टीममधला मुलगा न्यूयॉर्कच्या कॉलसाठी थांबतो आणि ‘ओनरशिप घेतो’ म्हणून त्याला वरचं रेटिंग मिळतं. तो लबाडी करत नाही. पण त्याच्या घरचं पाळणाघर कोण गाठतं, हा कॉलम एचआरच्या एक्सेलमध्ये नसतो. २०१७पासून मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली. त्या वर्षाचं रेटिंग काय लावायचं, हे मात्र कायद्याने सांगितलेलं नाही. ते मॅनेजरच्या हातात.

सगळीकडे टेस्ट लागते असंही नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सकाळी आठला कुठल्याही मजूर नाक्यावर जा. बाप्याची हजेरी वेगळी, बाईची हजेरी वेगळी, आणि दोन्ही भाव मुकादम तोंडावर सांगतो. तिथे पी-व्हॅल्यू काढत बसणं हा वेळेचा अपव्यय. उलट आपल्याच राज्याच्या १९७७च्या रोजगार हमी कायद्याखाली काम झालं, तिथे खणलेल्या मातीचं माप घेऊन स्त्री-पुरुषांना एकच दर लावला गेला. खड्डा मोजला, खणणारा नाही. सगळ्यात बोलकं उदाहरण मुंबईतलं आहे. मॅकिनन मॅकेंझी या कंपनीत पुरुष स्टेनोग्राफर होते आणि ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. काम तेच, वेतनश्रेणी वेगळी. ऑड्री डिकॉस्टा यांनी १९७६च्या समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. कंपनीचं म्हणणं, हा वेगळा वर्ग आहे, युनियनशी रीतसर करार झालाय, आणि आम्हाला परवडत नाही. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिन्ही सबबी फेटाळल्या. पण सहाच वर्षं आधी, १९८१ मध्ये, त्याच कोर्टाने एअर इंडियाच्या हवाईसुंदरी आणि पुरुष कर्मचारी हे वेगळे संवर्ग असल्याचं मान्य केलं होतं; पहिल्या गर्भारपणात नोकरी जाण्याची अट मात्र रद्द केली. दोन्हीकडे वाद एकाच जागी अडला होता: कुणाची तुलना कुणाशी? स्टॅटिस्टिक्सची टेस्ट या प्रश्नानंतर सुरू होते. हा प्रश्न ज्याने ठरवला, त्याने निम्मा निकाल ठरवला. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ला आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या ग्रुपवर ‘आता मॅच फी समान झालीच आहे’ असं अभिमानाने कुणीतरी टाकलं. २०२२ मध्ये ती समान झाली हे खरं. पण २०२४-२५च्या वार्षिक करारांत पुरुषांच्या वरच्या श्रेणीला ७ कोटी होते आणि बायकांच्या वरच्या श्रेणीला ५० लाख. तुलना मॅचची करायची की वर्षाची, यावर समानता ठरते.

कायद्याची स्थितीही सांगायला हवी. १९७६चा कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू आहे. एकाच मालकाकडे सारख्या कामाला लिंगावरून वेगळं वेतन नको, हे तिच्यात आहे. पण तक्रार करायची कुणी, तर बाईने, आणि आकडे कुणाकडे, तर मालकाकडे. बाजारमूल्याने वरच्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३पासून सेबीच्या अहवालात स्त्री-पुरुषांचं मध्यक वेतन (म्हणजे रांगेतल्या बरोबर मधल्या माणसाचं) द्यावं लागतं. हौस असेल त्याने आपल्या कंपनीचा अहवाल काढून पाहावा. रबाळे एमआयडीसीतल्या दीडशे माणसांच्या कारखान्याला मात्र असं काही जाहीर करावं लागत नाही. आइसलंडने २०१८पासून पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांवर उलटी अट घातली: सारखं वेतन देतो, हे तुम्हीच दाखवा आणि प्रमाणपत्र घ्या. जेनेरिक गोळीची अट पगाराला लावली, असं म्हणा.

हे सगळं मी शेजाऱ्यांना लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि एकदा मामलेदारच्या मिसळीच्या रांगेत सांगून झालंय. माणूस सज्जन आहे, ऐकून घेतो. त्यांनी मला सरळ विचारलं, “मग आठ हजारांचा फरक नीट पकडायचा तर किती माणसं लागतील?” मी म्हटलं, साधारण ऐंशी पुरुष आणि ऐंशी बायका, म्हणजे दहातल्या आठ वेळा पकडला जाईल. ते म्हणाले, “एवढ्या बायका आमच्याकडे कधीच होणार नाहीत.” मी म्हटलं, तर मग टेस्टच्या नावावर निर्दोष सुटू नका, फरक किती, पट्टा कुठून कुठवर, हे तरी छापा. सुरुवातीचा पगार, वाढ आणि बढतीला लागलेली वर्षं, असे तीन तक्ते वेगवेगळे द्या. पुढच्या मार्चच्या स्लाइडवर ‘सिद्ध’ हा शब्द नसेल आणि पट्टा असेल, एवढं त्यांनी कबूल केलंय. सुरुवातीच्या पगारांचं विचारून बघतो म्हणाले. बढत्यांचा तक्ता मात्र कॉन्फिडेन्शियल आहे.